उजव्या आंगाले वळा

भाचीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या आणि त्या वाटायचं काम मामा म्हणून माझ्या गळ्यात पडलं. वऱ्हाडात पत्रिका व्हॉट्सॲपवर धाडली तर पत्रिका पोचते, निमंत्रण पोचत नाही. गाडी दारात थांबली पाहिजे, पत्रिकेला हळदकुंकू लागलेलं असलं पाहिजे, "चहा नको" असं तीनदा म्हणून चौथ्यांदा तो घेतला पाहिजे आणि निघताना "तुमीच नाही आले तर मग लग्न कोनाचं?" असं विचारलं पाहिजे. अमरावतीहून निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोल्याला टेकायचं, मधेच फाट्यावरून आत आमच्या मूळ गावी जाऊन यायचं. एकूण दहा घरं. महिना मे, गाडी माझी जुनी वॅगन आर, वेळ एक दिवस.

"मामा, हे दहा घरं तुमच्यानं एका दिवसात होत नाही," भाचा म्हणाला. तो बडनेऱ्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याचं सगळं शिकून झालं आहे, फक्त परीक्षा राहिल्या आहेत. "गाडीत कॉम्प्युटर बसवून टाकू. रस्ता तोच काढते."

मोबाइल आहे की, असं मी म्हणालो. पण आमच्या फाट्यावरून आत वळलं की रेंज जाते आणि मोबाइलच्या नकाशावर पांढऱ्या पडद्याच्या मधोमध एक निळा ठिपका तेवढा उरतो, श्राद्धाच्या पानाबाहेर पडलेल्या शितासारखा. गाडीच्या आधीच्या मालकाने बसवलेला एक स्टिरिओ होता, त्यातही नकाशा होता. पण तो त्या मालकाच्या काळातला. नवा हवा तर कार्ड विकत घ्या, असं उत्तर मिळालं आणि त्या कार्डाची किंमत ऐकून मला गाडीची किंमत आठवली.

"हे ओपन सोर्स राहीन," भाचा म्हणाला.

"फुकट?" सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मामी, फुकट नाही. मुक्त."

"पैसे लागते काय?"

"नाही."

"मग फुकटच झालं ना बाप्पा."

या एका प्रश्नावर जगातल्या मोठमोठ्या लोकांनी चाळीस वर्षं व्याख्यानं दिली आहेत. आमच्याकडे तो कांदा परतता परतता निकालात निघाला.

मग तीन रविवार आम्ही प्रणाल्या शोधल्या. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर, सात इंचांचा टचस्क्रीन आणि ज्याला जीपीएस माउस म्हणतात तो एक काळा उंदीर, एवढं सामान टीपॉयवर मांडलेलं. त्या उंदराला आकाश दिसावं लागतं म्हणून तो खिडकीबाहेर सोडलेला, शेपटी तेवढी आत. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेचं सैन्य या उपग्रहांच्या सामान्यांसाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटर इकडेतिकडे दिसे, असं भाच्याने सांगितलं. आमच्या राजकमल चौकात शंभर मीटरच्या चुकीने माणूस साडीऐवजी टायर घेऊन घरी येईल.

या शोधात मला एक गोष्ट कळली ती अशी की मुक्त प्रणाल्यांचं जग हे पुष्कळसं आमच्या गावासारखं आहे. भांडण झालं की वाटणी. तिला ते फोर्क म्हणतात. मॅप्स डॉट मी नावाचं एक होतं, त्यातून २०२१ मध्ये ऑर्गॅनिक मॅप्स वेगळं निघालं. त्यात काही बिनसलं, तर २०२५ मध्ये कोमॅप्स नावाची तिसरी चूल मांडली गेली. फरक एवढाच की त्यांच्याकडे वाटणी झाली तरी दोघांनाही अख्खं वावर मिळतं, विहिरीसकट. ही सोय आमच्या आजोबांच्या काळात असती तर अकोल्याच्या दिवाणी न्यायालयाची एक मजली इमारत भागली असती. वेझची कथा निराळी. इस्रायलमध्ये लोकांनी हौसेने गोळा केलेल्या मोफत नकाशातून ते उगवलं, पुढे कंपनी झाली आणि २०१३ मध्ये गुगलने ती सुमारे शंभर कोटी डॉलरला घेतली. म्हणजे गावाने श्रमदानाने विहीर खणावी आणि एका सकाळी सातबाऱ्यावर पाटलाचं नाव चढलेलं दिसावं.

ओसमँड छान आहे, २०१० पासून आहे, पण त्याला अँड्रॉइड किंवा आयफोन लागतो आणि आमच्या पत्त्यांच्या जोडात लिनक्स. शेवटी नॅव्हिट ठरलं. खास गाडीतल्या कॉम्प्युटरसाठीच लिहिलेलं. त्यात सगळं बदलता येतं. अडचण एवढीच की त्यासाठी नॅव्हिट डॉट एक्सएमएल नावाची एक लांबलचक फाइल हाताने लिहावी लागते आणि तीत एक कंस मिटायचा राहिला तर नॅव्हिट उठतच नाही. भाच्याने दुसऱ्या रविवारी नकाशाचा रंग बदलायला घेतला. रंग बदलला नाही, नॅव्हिट बंद पडलं, आणि तो कंस सापडेस्तोवर तिसरा रविवार उजाडला.

मी तोवर परवाना वाचून काढला. माणूस रिकामा असला की काय वाचेल सांगता येत नाही. त्यात म्हटलं होतं की ही प्रणाली उपयोगी पडेल या आशेने वाटत आहोत, मात्र कसलीही हमी नाही. ती अमुक कामाला योग्य आहे अशीसुद्धा हमी नाही, आणि बिघडलं तर दुरुस्तीचा सगळा खर्च तुमचा. मला एकदम आमच्याकडचे सोयरीक जमवणारे मध्यस्थ आठवले. तेही असंच बोलतात, फक्त लिहून देत नाहीत.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या लंडनमधल्या विद्यार्थ्याने हा उद्योग सुरू केला: जगाचा नकाशा जगानेच काढायचा. ज्याला जो रस्ता माहीत त्याने तो भरायचा आणि कोणीही तो फुकट वापरायचा. त्याचे तयार गठ्ठे जर्मनीतल्या कार्ल्सरूहे गावची एक कंपनी उतरवून घ्यायला ठेवते. महाराष्ट्र तिच्या पश्चिम भारताच्या गठ्ठ्यात असतो. म्हणजे बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला कसं जायचं हे आम्ही कार्ल्सरूहेला विचारलं. रात्रभर उतरत होतं.

सकाळी गाडीत बसून भाच्याने "अमरावती" लिहिलं. यंत्राने आम्हाला तेलंगण ओलांडून कृष्णेच्या काठी न्यायची तयारी केली. आंध्र प्रदेशाने राजधानीला नाव द्यायचं ठरवलं तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. बरं, मग "अकोला" लिहिलं. एक अकोला आमचं, एक अकोला बाजार यवतमाळकडे, आणि एक अकोले थेट अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्याची मात्रा रोमन लिपीत पडता पडता राहते. यंत्राचा दोष नाही. आमच्या भागात गावांची नावं मुळातच कमी आणि गावं जास्त, म्हणून गावांना आडनावं द्यावी लागली. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे. अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी. नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर. सगळी एकाच अमरावती जिल्ह्यात. कारंजा लाड वाशीममध्ये, कारंजा घाडगे वर्ध्यात. साक्षगंधाला चांदूर बाजारला जायचं म्हणून निघालेली आणि चांदूर रेल्वेला जाऊन उभी राहिलेली पाहुणेमंडळी प्रत्येक खानदानात एकदा तरी झाली आहेत. त्यांनी तिथेही चहा घेतलेला असतो.

आता मुख्य काम: दहा घरांचा क्रम.

एका गावाहून दुसऱ्या गावाला सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा याचं गणित १९५६ साली एड्स्गर डायक्स्ट्रा या डच तरुणाने सोडवलं. ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून तो दमला होता, दोघं कॉफी प्यायला बसली आणि कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत त्याने युक्ती शोधली. १९५९ मध्ये ती छापून आली. आजचा प्रत्येक नकाशा तिच्याच वंशातला. साड्यांच्या दुकानाबाहेर मी आयुष्यात जेवढा वेळ उभा राहिलो आहे त्यात मला असे कित्येक शोध लागायला हवे होते. पण डायक्स्ट्राच्या गोष्टीतला कळीचा शब्द "होणाऱ्या" हा आहे.

एका जागेहून दुसऱ्या जागी जाणं मात्र सोपं. दहा जागा करायच्या तर क्रम लावायचे प्रकार ३६,२८,८०० होतात. हे भाच्याने फळ्यावर लिहिल्यासारखं हवेत लिहून दाखवलं. या कामाला व्रूम नावाची फ्रेंचांनी लिहिलेली मुक्त प्रणाली आहे. तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत क्रम दिला: आधी बडनेरा, मग गाव, मग मूर्तिजापूरची तीन घरं, मग बोरगाव, शेवटी अकोल्यातली चार. एकही किलोमीटर वाया नाही.

सौभाग्यवतींनी यादी पाहिली. "हे कोनं केलं?"

"कॉम्प्युटरनं."

"त्याच्या घरी मोठे मानसं नाहीत काय?"

प्रश्न बरोबर होता. पहिली पत्रिका अंबादेवीला, हे ठीक, ती शहरातच आहे. दुसरी मात्र मोठ्या काकांना, आणि मोठे काका राहतात अकोल्याला जठारपेठेत, म्हणजे यादीच्या पार शेवटच्या टोकाला. तिसरी जावईबापूंना, ते बडनेऱ्याला. म्हणजे मानाने जायचं तर आधी सगळ्यांच्या दारावरून तोंड लपवून अकोल्याला जायचं, मग उलटं बडनेऱ्याला यायचं आणि मग पुन्हा मूर्तिजापूर. शिवाय मूर्तिजापुरातून न थांबता गाडी गेली आणि कोणी ओळखली, तर त्याचा टोमणा पुढची तीन लग्नं ऐकू येणार.

भाचा म्हणाला, चिंता नाही, व्रूममध्ये प्रत्येक ठिकाणाला शून्य ते शंभरपर्यंत प्राधान्य देता येतं. मग बसून मान भरला. मोठे काका ९०. जावईबापू १००. माझ्या बाजूचे सगळे ४० ते ६०. सौभाग्यवतींच्या बाजूचे सगळे १००. क्रम जसाच्या तसा आला. भाच्याने मग माहितीपत्रक वाचलं तेव्हा कळलं की प्राधान्याचा अर्थ आधी जाणे असा नाहीच. सगळ्यांकडे जाणं जमत नसेल तर कोणाला गाळायचं, हे ठरवायला तो आकडा. फ्रान्समध्ये हे चालत असेल. आमच्याकडे गाळलेला माणूस लग्नात सगळ्यात आधी येतो आणि पंगतीत "आमाले पत्रिका नव्हती" हे मठ्ठ्याबरोबर वाढत जातो.

शेवटी व्रूमचाच क्रम ठेवला आणि दहाही घरी "पहिली पत्रिका तुमचीच" असं सांगायचं ठरलं. हा उपाय कोणत्याही प्रणालीत नाही.

निघालो. रस्ता, खरं सांगायचं तर, लोण्यासारखा. आमच्या पिढीने हा रस्ता कमरेच्या मणक्यांनी ओळखलेला. आता तो चौपदरी, आणि शिवाय विश्वविक्रमी: २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते मानादरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनेस बुकात गेला. ३ तारखेला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी सुरू, ७ तारखेला संध्याकाळी ५ वाजता संपला. आधीचा विक्रम कतारच्या दोहाचा होता, २५ किलोमीटर आणि थोडा, त्याला दहा दिवस लागले होते. त्या विक्रमाचा अभिमान मला आहेच, पण गाडीत बसल्याबसल्या मी हिशेब केला: आमचे तीन रविवार धरले तर आमचं नॅव्हिट त्या रस्त्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश वेळात तयार झालं होतं. आणि त्यांच्याकडे सातशेहून जास्त माणसं होती.

आवाजाचं सांगायचं राहिलं. नॅव्हिटला बोलायला ईस्पीक नावाची प्रणाली जोडलेली. तिला मराठी येतं, पण ते कसं, तर रात्रभर पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या माणसाने सकाळी बोलावं तसं. नकाशात बरीच गावं रोमन अक्षरांत लिहिलेली, त्यामुळे कुरणखेडचं "कुरंखेद" झालं आणि राजापेठेचं "राजपेथ". सौभाग्यवतींना त्यातला पुस्तकी सूर सहन होईना. "डावीकडे वळा, गंतव्यस्थान समोर आहे. आपल्या घरी कोन असं बोलते?" यावर भाच्याने मुक्त प्रणालीचा खरा हिसका दाखवला. बडनेऱ्याला जावईबापूंकडे आमचा चहा होईपर्यंत त्याने गाडीतच बसून भाषांतराची फाइल उघडली आणि वाक्यं बदलली. बडनेरा सोडलं तशी ती पत्र्याची पेटी म्हणाली:

"दोनशे मीटरवर उजव्या आंगाले वळा."

सौभाग्यवती सरसावून बसल्या. पुढे भाच्याने मुद्दाम एक वळण चुकवलं.

"मांगं फिरा, राजेहो."

कार्ल्सरूहेने एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

दुपारी एकच्या सुमाराला यंत्र मंद झालं. वऱ्हाडातला मे महिना, बंद गाडी, काचेमागे ऊन. हा रास्पबेरी पाय आतून ८० अंशांना पोचला की आपणहून कामाचा वेग कमी करतो. त्यात बिघाड नाही, तशी त्याची रचनाच आहे. म्हणजे मे महिन्यात जेवण झाल्यावर अकोल्यातला कोणताही शहाणा माणूस जे करतो तेच. आम्ही त्याच्यावर ओला पंचा टाकला. वळण गेल्यावर दीड मिनिटाने "उजव्या आंगाले" येऊ लागलं.

तेव्हा सौभाग्यवतींनी गाडी थांबवायला लावली आणि पानठेल्यावर विचारलं. पानठेल्यावरचा माणूस उत्तर देण्यापूर्वी "कोनाच्या घरी?" असं विचारतो. गावाचा पत्ता त्याला पुरत नाही, कारण गावात कोणाकडे जाता यावर रस्ता कोणता सांगायचा ते अवलंबून. मग म्हणाला, "सिद्दे जा. पुढं मोठा निंब होता, तथून आत."

होता. रस्ता चौपदरी झाला तेव्हा तो निंब गेला. पण पत्त्यातून गेला नाही. आमच्याकडे वाट सांगताना निम्म्या खुणा अशाच असतात: जिथे टॉकीज होती तिथून, जिथे जिनिंग होतं त्याच्या मागे, शकुंतला रेल्वे जायची त्या रुळाच्या अल्याड. उपग्रहाला आता आहे तेवढंच दिसतं. माणसाला होतं ते दिसतं, आणि तो निंब गेला हे ज्याला माहीत आहे त्याला वाट बरोबर सापडते.

याला परंपराही मोठी. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं केवढं मोठं स्थान. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची नोंद ठेवणारा स्थानपोथी नावाचा चौदाव्या शतकातला मराठी ग्रंथ आहे: अमुक गावी अमुक देऊळ, त्याचं तोंड कुठे, त्याच्या कोणत्या अंगाला स्वामी बसले. पायी हिंडून, पाहून, विचारून भरलेली माहिती. गंमत अशी की पुढे याच पंथाने आपल्या पोथ्या सकळा लिपीसारख्या गुप्त लिप्यांत बंद करून ठेवल्या आणि बाहेरच्यांना त्या वाचता येण्यासाठी विसावं शतक उजाडावं लागलं. म्हणजे नकाशा लोकांनी काढायचा आणि कुलूप कोणी लावायचं, हा वाद कॅलिफोर्नियात सुरू झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मोर्शी तालुक्यात येऊन जावं.

निंब-होता-तिथून आत वळलो. पंचा काढला. यंत्र ताजंतवानं झालं होतं. पण नकाशावर फाटा होता, पाच किलोमीटरवर गावाचा ठिपका होता आणि दोहोंच्या मध्ये काही नव्हतं. डांबरी रस्ता होता, आम्ही त्याच्यावर होतो; नकाशाला मान्य नव्हतं. पडद्यावर आमची गाडी वखरलेल्या वावरातून चाललेली. अर्ध्या वाटेवर पेटी म्हणाली, "आलं बाप्पा एकदाचं." बाहेर एक बकरी होती.

"आपलं गाव कसं नाही यात?" मी रागाने विचारलं.

"कोनं भरलंच नाही, मामा. ज्याचं त्यानं भरावं लागते."

हे मला लागलं. पत्रिका वाटून घरी आल्यावर मी भाच्याकडून ते भरणं शिकून घेतलं. सोपं आहे: खाली उपग्रहाचा फोटो, त्यावर माउसने रेघ. नकाशे करण्यावरची सरकारी बंधनंही २०२१ च्या फेब्रुवारीत पुष्कळ सैल झालेली. फाटा ते गाव रस्ता मी काढला. शाळा, मारुतीचं देऊळ, विहीर काढली. हात बसला. मग गावापासून आमच्या वावरापर्यंतची पांदण काढली.

इथे वाचकांना कळलं असेल. ज्यांना वावर आहे त्यांना तर नक्की.

ही पांदण माझ्या चुलतभावाच्या धुऱ्याने जाते. आहे की नाही यावर आमचं वीस वर्षं बोलणं नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज झाला, पाहणी झाली, पाहणीच्या दिवशी पाऊस झाला, अर्ज तिथेच. नकाशावर मी तिला "ट्रॅक" म्हणून भरलं. मातीच्या वाटांना प्रतवारी असते, एक ते पाच. पाच म्हणजे सगळ्यात मऊ. आमच्या काळ्या मातीसाठी आठ-नऊपर्यंत ठेवायला हवी होती, पण पाच भरली.

दोन दिवसांनी पाहतो तर पांदण गायब. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, केव्हा, आधी काय होतं, शेरा काय. मला ते पाहून तलाठ्याच्या दप्तरातले फेरफारच आठवले. शेरा होता: "येथे रस्ता नाही. वहिवाट नाही." वापरणाऱ्याचं नाव कुठल्याशा वाघाचं होतं, पण चुलतभावाचा मुलगा पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे हे मला माहीत नाही की काय?

तिसरी आवृत्ती भाच्याने केली. शेरा: "वडिलोपार्जित." चौथीत वाघाने पांदण पुसली नाही, तिची नाली करून टाकली. दीड मीटर रुंदीची. पावसाळ्यात ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. पाचवीत आम्ही पुन्हा रस्ता केला. मग कुठल्यातरी परदेशी स्वयंसेवकाचा फार सभ्य शेरा आला, की एकाच जागी रस्ता आणि नाली आलटून पालटून दिसत आहे, तर कृपया कोणी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहील काय? तहसीलदारांना वीस वर्षांत जे सुचलं नाही ते त्या बिचाऱ्याने दोन ओळींत विचारलं. वाघाने उत्तर दिलं, "पावसाळ्यात नाली." भाच्याने दिलं, "उन्हाळ्यात रस्ता." परदेशातून पुढे काही आलं नाही. पण सहावी आवृत्ती वाघाची, पुन्हा नाली, पुन्हा दीड मीटर, आणि तोवर लग्न दोन दिवसांवर आलं.

दहा घरांत चुलतभाऊ नव्हता, हे सांगायला नको. सौभाग्यवतींनी मला न विचारता त्याला पत्रिका व्हॉट्सॲपवर टाकली होती.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या, आणि मांडवाच्या तोंडाशी चुलतभाऊ उभा. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. मी पुढे झालो.

"पत्रिका मोबाइलवर आली," तो म्हणाला, "म्हनून लग्नाले आलो नाही. एक सांगाले आलो."

"सांग ना."

"पोट्टे त्या नकाशात दीड मीटर लिहून रायले. दीड नाही हो भाऊ. चांगली अडीच आहे. भरल्या कपाशीची बैलबंडी जाते."

मागे भाचा पुरीचं ताट हातात घेऊन उभा होता. त्याने ते खुर्चीवर ठेवलं आणि मोबाइल काढला. चुलतभावाला आपण काय बोललो हे कळायला तेवढाच वेळ लागला. मग तो हसला नाही, पण पंगतीत बसला, आणि मठ्ठा दोनदा घेतला.

सातवी आवृत्ती: ट्रॅक, रुंदी अडीच मीटर, शेरा "जाणकारांकडून." दुसऱ्या दिवशी सकाळी वाघाने आठवी केली. रस्ता तसाच ठेवला, रुंदी तशीच, फक्त एक शब्द वाढवला, "परमिसिव्ह". मी अर्थ शोधून पाहिला. वाट खाजगी आहे, हक्काची नाही. मालक सध्या जाऊ देतो, मर्जी फिरली तर बंद.

मर्जी अजून आहे. मी रोज सकाळी चहाआधी पाहतो.